काटवलाचा वेल नर की मादी? बुडाशी आत्ताच खुंटी ठोका, आणि "डीएनए टेस्टवाली रोपं" घेण्याआधी हे वाचा



बहुतेकांची रोवणी आटोपली, निंदण चालू आहे. आजचा शेतीपाठ नेहमीपेक्षा मोठा आहे. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा, नाहीतर घरच्या शाळकरी पोरीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

कारण असं झालं. गेल्या दहा-बारा दिवसांत चार सभासदांचे फोन आले आणि विषय एकच. एक माणूस गावोगाव फिरतोय. पुढच्या हंगामासाठी काटवलाची आणि पपईची "डीएनए टेस्ट केलेली, शंभर टक्के मादी" रोपं देतो म्हणतोय, अर्धे पैसे आत्ता भरायचे. "मॅडम, घ्यावं का जी?"

माझं उत्तर आधीच देते: काटवलासाठी एक रुपयाही आगाऊ भरू नका. पपईसाठी भरायच्या आधी खालचे प्रश्न विचारा. डीएनए टेस्ट खोटी नाही, खरी विद्या आहे. पण ती कुठे कामाची आणि कुठे नुसतं नाव सांगून पैसे काढायचे, हे कळलं की तुमचं तुम्हीच ठरवाल.

एका दादांनी फोनवर विचारलं, "मॅडम, लिंग तपासणं त गुन्हा हाये ना?" माणसाच्या गर्भाचं तपासणं गुन्हाच आहे, १९९४ चा कायदा आहे त्याला. झाडाला तो कायदा नाही. झाडात तर हे जितकं लवकर कळेल तितका शेतकऱ्याचा फायदा.

*आधी माझी चूक सांगते*

कंपनीत लागले तेव्हा पहिल्याच वर्षी मी एका ताईंना काटवल लावायला सांगितलं. पिकलेली फळं बाजारातून आणली, बी काढलं, आणि एका खड्ड्यात एक रोप असं लावून दिलं. तारेचा मांडव केला, शेणखत घातलं, वेल असा माजला की बघत राहावं. श्रावणात ताईंचा फोन आला. "मॅडम, फुलं त भलती आली जी, पन काटवल काही दिसत नाही." जाऊन बघते तर निम्म्याच्या वर वेल नर! मांडव, तार, खत, मजुरी सगळं नराला पोसण्यात गेलं. ताई मला काही बोलल्या नाहीत, उलट चहा दिला. तेच जास्त लागलं.

काटवलात (पश्चिमेकडे याला करटोली, कर्टुलं म्हणतात) नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेल वेगळा असतो. भोपळा, दोडका, काकडीसारखं नाही. त्यांच्यात एकाच वेलावर दोन्ही फुलं येतात. आपल्या जंगलात असं वेगळेपण नवीन नाही. तेंदूचं एखादं झाड पानं भरपूर देतं पण त्याला टेंभरं कधीच लागत नाहीत, ते नर झाड. सिरोंच्याकडे ताडाचंही तेच. तेंदूत आपल्याला पानं हवीत म्हणून नर असला तरी बिघडत नाही. काटवलात फळ हवं, म्हणून बिघडतं.

बियांपासून लावलं की साधारण निम्मे वेल नर निघतात. आता हिशोब बघा. दोन मीटर बाय दोन मीटरवर लावलं तर एकरात साधारण १००० खड्डे. त्यातले ५०० नर. परागासाठी दर आठ-दहा मादींमागे एक नर पुरतो, म्हणजे १०० नर बास झाले. उरलेले ४०० खड्डे फुकट. आणि हे कळतं कधी? फूल आल्यावर. तोवर पान बघा, खोड बघा, काही कळत नाही. लांबट कंद नर आणि गोल कंद मादी असं छातीठोक सांगणारे भेटतात. पपईत काळं बी मादीचं आणि पांढुरकं नराचं असंही सांगतात. मी त्यावर दहा रुपये लावणार नाही.

*मग डीएनए टेस्ट काय करते?*

डीएनए म्हणजे झाडाच्या प्रत्येक पेशीत ठेवलेली एक लांबच लांब पोथी. तिच्यात अक्षरं चारच, पण त्यांच्या क्रमात सगळं लिहिलेलं असतं. एकाच जातीच्या नर आणि मादी झाडाची पोथी जवळजवळ सारखी असते. फक्त एखादा मजकूर असा असतो की तो नराच्या पोथीत आहे आणि मादीच्या पोथीत नाही. शास्त्रज्ञ तो मजकूर शोधतात. त्यालाच मार्कर म्हणतात, आपण खूण म्हणू.

ही खूण म्हणजे नर बनवणारा गुण नव्हे बरं का. शिवेवरच्या दगडासारखं समजा. दगड म्हणजे गाव नाही, पण दगड दिसला की गाव आलं हे कळतं. दगड गावाला लागून असेल तर चुकायची भीती नाही. तोच चार कोस दूर असेल तर त्याच्या भरवशावर फसायला होतं. डीएनएतही तसंच. पिढी बदलताना आई-बापाकडून आलेल्या पोथ्यांच्या पानांची अदलाबदल होते. खूण लिंग ठरवणाऱ्या जागेपासून दूर असेल तर ती एखाद्या रोपात सुटून जाते, आणि मग टेस्ट चुकते.

तपासणी अशी होते. रोप बोटभर उंच असतानाच कोवळ्या पानाचा नखाएवढा तुकडा घेतात. रोपाला त्याने काही होत नाही. तुकडा वाटून त्यातून डीएनए काढतात आणि पीसीआर नावाच्या यंत्रात ठेवतात. कोरोनाच्या वेळी आरटी-पीसीआर ऐकलं होतं ना, त्याचाच भाऊ. यंत्र नळी ९४-९५ अंशांपर्यंत तापवतं, मग ५०-६० अंशांवर आणतं, मग ७२ अंशांवर नेतं. असे तीस-पस्तीस फेरे. दर फेऱ्याला हव्या त्या मजकुराच्या प्रती दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार करत ३० फेऱ्यांत हिशोबाने शंभर कोटींच्या वर प्रती! मग जेलीच्या वडीसारख्या थरात तो रस भरून वीज सोडतात. डीएनएचे तुकडे सरकतात, लहान तुकडा पुढे जातो, मोठा मागे राहतो. रंग देऊन खास उजेडात बघितलं की पट्टी दिसते. नराची खूण असेल तर पट्टी आली की नर, नाही आली की मादी.

इथे एक मेख आहे, ती नीट लक्षात ठेवा. पट्टी "नाही आली" याला दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे रोप मादी आहे. दुसरं, टेस्टच बिघडली. पान सुकलं होतं, डीएनए नीट निघाला नाही, रसायन कमी पडलं, असं काहीही. बिघडलेल्या टेस्टमध्ये नरही "मादी" म्हणून पास होतो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्यात दुसरी एक पट्टी बघतात, जी नरात आणि मादीत दोघांतही यायलाच पाहिजे. ती आली आणि नराची आली नाही, तरच मादी म्हणायचं. दोन्ही आल्या नाहीत तर टेस्ट परत करायची.

*पपईत हे जमलं, तेही आपल्या पुण्यात*

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. प्रभाकर रांजेकर, डॉ. विद्या गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पपईवर हे काम केलं. १९९९ साली त्यांनी दाखवलं की 'गाटा' अशी चार अक्षरं पुन्हा पुन्हा येणाऱ्या डीएनएच्या मजकुरात पपईच्या नर-मादीत फरक दिसतो. पुढच्याच वर्षी, २००० साली, रोपं लहान असतानाच मोठ्या संख्येने तपासता येतील अशी पीसीआर टेस्ट त्यांनी प्रसिद्ध केली. त्या लेखात पहिलं नाव अंजली पारसनीस यांचं आहे. डिप्लोमाला असताना मला वाटायचं, डीएनए म्हणजे सगळं अमेरिकेचं काम. तसं नव्हतं हे नंतर वाचनात आलं.

पपईत टेस्ट इतकी पक्की का बसते? २००४ साली शास्त्रज्ञांना पपईत अगदी नव्या घडणीचं नर-गुणसूत्र सापडलं. त्याचा साधारण दहावा हिस्सा असा आहे की तिथे पानांची अदलाबदल होतच नाही. त्या भागातली खूण नराला सोडून जात नाही. दगड गावाच्या वेशीतच गाडलेला आहे म्हणा ना.

पण पपईत एक तिसरा प्रकारही आहे, आणि फिरणारा माणूस तुम्हाला तो सांगणार नाही. पपईत नर, मादी आणि उभयलिंगी अशी तीन प्रकारची झाडं असतात. वॉशिंग्टनसारख्या जुन्या जातीत नर आणि मादी निम्मे-निम्मे निघतात. आपल्याकडे आता जास्त करून लावतात ती तैवानची रेड लेडी ७८६. तिच्यात नर निघतच नाही, उभयलिंगी आणि मादी निघतात, आणि दोन्हींना फळ लागतं. उभयलिंगी झाडाचं फळ लांबट, मादीचं गोलसर. व्यापारी लांबट मागतो. म्हणजे रेड लेडीत कोणी "शंभर टक्के मादी" विकत असेल, तर तो बाजारात कमी चालणारंच फळ जास्त पैसे घेऊन देतोय! वर निव्वळ मादींच्या बागेला पराग कुठून येणार?

उभयलिंगी झाडाच्या स्वतःच्या परागाने धरलेलं बी लावलं तर तीन रोपांत दोन उभयलिंगी आणि एक मादी असं प्रमाण पडतं. त्यामुळे हवाईत शेतकरी एका खड्ड्यात तीन-चार रोपं लावतात आणि फुलं आल्यावर एक उभयलिंगी ठेवून बाकीची उपटतात. हिशोब सोपा आहे: एक रोप मादी निघायची शक्यता तीनात एक, तिन्ही मादी निघायची सत्तावीसात एक. जुन्या नर-मादी जातीत तीन रोपं लावली तर तिन्ही नर निघायची शक्यता आठात एक. टेस्ट नसताना हाच उपाय, स्वस्त आणि पक्का. फक्त चार महिने दोन जास्तीच्या रोपांना पाणी घालायची तयारी पाहिजे.

*काटवलात टेस्टची गरजच नाही*

काटवलावरही आपल्या देशात काम झालं आहे. नराशी जोडलेल्या खुणा सापडल्याचं शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं आहे. पण काही वेलांवर सापडलेली खूण भामरागडच्या, कोरचीच्या जंगलातल्या वेलांवर तशीच चालते का, हे इथल्या वेलांवर तपासल्याशिवाय तिच्यावर पैसे लावायचे नसतात.

आणि मुळात आपल्याला तिची गरज का नाही ते सांगते. काटवलाचा वेल हिवाळ्यात वाळतो, पण जमिनीत कंद जिवंत राहतो आणि पुढच्या पावसाला फुटतो. त्या कंदातून आलेला वेल म्हणजे तोच वेल. मादीच्या कंदातून मादीच येणार, नराच्या कंदातून नरच. वरच्या फुटव्याच्या डोळ्यासकट कंदाचे उभे भाग केले तर एकाच मादीपासून दोन-तीन वेल होतात. वेलाचे छाटेही मुळं धरतात. म्हणजे ज्या वेलाला तुम्ही डोळ्याने काटवल लागलेलं बघितलं, त्याच्या कंदाला कसली डीएनए टेस्ट? तो माणूस कंद विकत असेल आणि टेस्टचे पैसे लावत असेल, तर ते पैसे फुकट. बियांची रोपं विकत असेल, तर प्रत्येक बी वेगळं. दहा रोपं तपासून हजार रोपांची खात्री देता येत नाही, एकूण एक रोप तपासावं लागतं. आणि सगळीच्या सगळी मादी रोपं दिली तर नराशिवाय फळ धरणार कसं?

मग ही विद्या कोणाच्या कामाची? नवीन वाण तयार करणाऱ्यांच्या. छत्तीसगडच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने 'इंदिरा कंकोडा-१' हा वाण काढला, तो ऐकला असेल. असं काम करताना चांगल्या मादीचा चांगल्या नराशी संकर करून शेकडो रोपं करावी लागतात. काटवलाचं बी मुळात उगवायला फार त्रास देतं, महिनोन् महिने तसंच पडून राहतं. एवढ्या कष्टाने उगवलेलं प्रत्येक रोप मांडवावर चढवून फुलाची वाट बघायची, की पान तपासून नर-मादी आधीच वेगळे करायचे? तिथे टेस्टचे पैसे वसूल होतात. नराचं दुखणं आणखी वेगळं. त्याला फळच येत नाही, मग तो चांगला बाप आहे हे कळणार कसं? त्याच्या मुलींचं उत्पन्न बघून. बैल चांगला की नाही हे त्याच्या गायींच्या दुधावरून ठरवतात तसंच.

बांगलादेशात काक्रोलवर एक गमतीचं काम झालं, १९९६ साली. मादी वेलावर सिल्व्हर नायट्रेट फवारून त्याच्याकडून परागाची फुलं काढून घेतली आणि दोन माद्यांचाच संकर केला. सगळी संतती मादी निघाली. म्हणजे नर ठरवणारी वस्तू नराकडेच असते, मादीकडे नसतेच, हे त्यातून पक्कं झालं. कृपा करून हे वावरात करून बघू नका. सिल्व्हर नायट्रेट महाग आहे आणि हात काळे करतं.

जितकी वाट लांब तितकी टेस्ट मोलाची. कोकणात कोकम आणि जायफळ बियांपासून लावलं तर नर-मादी कळायला कित्येक वर्षं जातात. तिथे मादी झाडाची कलमं बांधून तोडगा काढलाय. कच्छमध्ये खजुराची टिश्यू कल्चर रोपं लावतात. आपलं काटवल पेरल्यापासून नाही, पण कंदापासून एकाच पावसाळ्यात निकाल देतं.

*आता या पंधरवड्यात काय करायचं*

ज्यांच्या सांदवाडीत, धुऱ्यावर किंवा मांडवावर काटवल आहे, त्यांनी फुलं बघा. काटवलाचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा दिवे लागायच्या वेळेला बघितलेलं बरं. पाकळ्यांच्या मागे बघायचं. मागे बारीक, मऊ काट्यांचं इवलंसं काटवल चिकटलेलं असेल तर मादी. हे कळीतसुद्धा दिसतं. मागे काहीच फुगलेलं नाही, नुसता बारीक लांब देठ आणि फुलाला लागून टोपीसारखं हिरवं पान, तर नर. एका फुलावरून ठरवू नका, त्याच वेलाची दोन-तीन फुलं बघा.

मग बुडाशी बांबूची खुंटी ठोका. मादीच्या खुंटीला लाल चिंधी, नराच्या खुंटीला पांढरी. चिंधी वेलाला बांधू नका, वेल वाळला की ती वाऱ्याने जाते आणि मग जमिनीखालचे सगळे कंद सारखेच दिसतात. मादीतही फरक करा. जिला जास्त फळं, ज्या फळांचं बी लवकर कडक होत नाही, तिच्या खुंटीला दोन चिंध्या. नर सगळे उपटून टाकू नका, दहाला एक ठेवाच, आणि जमलं तर दोन वेगळ्या ठिकाणचे ठेवा म्हणजे फुलांची वेळ जुळायला मदत होते. फुलं उमलायच्या वेळी, संध्याकाळी, कीटकनाशक फवारू नका. परागीकरण करणारे पतंग तेव्हाच येतात.

जंगलातला कंद आणायचा असेल तर आधी ग्रामसभेला विचारा. आपल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर कितीतरी गावांना मिळाला. जंगल ग्रामसभेचं आहे तर नियमही तिचाच. एका ठिकाणचे सगळे कंद खणले तर पुढच्या वर्षी त्या ठिकाणी भाजी नाही. आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडच्या ताईंना वेगळं सांगायला नको की पावसाळ्यात झुडपात वाकून काटवल तोडणं म्हणजे काय. वाघ दिसायच्या आधी तो आपल्याला बघतो. घराजवळ पंधरा-वीस खात्रीचे मादी वेल झाले, तर भाजीसाठी तरी तिकडे जावं लागणार नाही. मला हे काम लवकर व्हावं असं वाटतं ते मुख्य याच्यासाठी.

फिरणारा माणूस परत आला तर त्याला विचारा: रोप बियाचं की कंदाचं? प्रत्येक रोप तपासलं की नमुन्याला चार? कोणत्या प्रयोगशाळेचा अहवाल आहे, दाखवा. दुसरी पट्टी, जी दोघांत यायला पाहिजे, ती अहवालात आहे का? सोबत नर किती देता? रोपवाटिकेचा परवाना कुठे आहे? फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्याचा १९६९ चा कायदा आहे, पपई विकणाऱ्याने परवाना दाखवायलाच पाहिजे. आणि पक्कं बिल, ज्यावर "मादी" हा शब्द लिहिलेला हवा. बिलाशिवाय ग्राहक आयोगात काही सिद्ध करणं अवघड जातं. ज्यांनी पैसे आधीच भरले असतील त्यांनी लाजू नका, ऑफिसला सांगा, पावती घेऊन या, आपण सोबत जाऊ.

कंपनीकडून या वर्षी असं ठरलंय: ज्या सभासदांकडे दोन चिंध्यांच्या माद्या आहेत त्यांनी नोंद करायची. वेल वाळल्यावर, पुढच्या पावसाच्या आधी, कंद काढताना मी स्वतः येते. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना त्यातूनच कंद मिळतील, सोबत मोजून नर.

फुलाबद्दल शंका असेल तर फोटो पाठवा. पण फोटो समोरून नको, समोरून दोन्ही फुलं पिवळीच दिसतात. फूल उलटं करून, देठाच्या बाजूने काढा. वेलाचा नंबर चिंधीवर लिहून तोही फोटोत येऊ द्या. रात्री नऊपर्यंत आलेल्या फोटोंना त्याच दिवशी उत्तर देते, नंतरच्यांना सकाळी.